पडद्यावर बोलली ती मी नव्हे

माझा पहिला मोठा सिनेमा मी आईच्या शेजारी बसून पाहिला आणि मध्यंतराच्या आधीच उठून बाहेर आले. इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की कानशिलं तापतात.

नायिका मीच होते. शेतकऱ्याची बायको. मुरगूडजवळच्या एका मळ्यात तीन आठवडे चित्रीकरण चाललं. मी वाकून तण काढत खरोखरची भांगलण केली, उसाच्या पाल्यानं हात चिरून घेतले, वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन त्याच बांधावरून दहादा चालले. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, मास्तरांची मुलगी, पण आमच्या गल्लीतलं बोलणं आणि त्या मळ्यातलं बोलणं यांत फार अंतर नव्हतं. संवाद मला कुणाकडून शिकावे लागले नाहीत. बाहेर चित्रीकरण झालं की आवाज नंतर स्टुडिओत पुन्हा भरतात, हे ठाऊक होतं. त्यासाठी बोलावणं येईना, म्हणून विचारायला गेले. दिग्दर्शक म्हणाले, "गरज नाही. तुमचा आवाज स्वच्छ आलाय." मी खुशीत घरी आले.

थिएटरात पडद्यावर मी विहिरीपाशी उभी होते, माझे ओठ हलत होते आणि बोलत होती दुसरीच बाई. गोड, लाडिक, वाक्यावाक्याला 'जी' आणि 'बाई' लावणारी.

"बोलतीया कोण ही?" आईनं विचारलं. तिला वाटलं, मशीन बिघडलं.

मागच्या रांगेतून एकजण ओरडली, "ही कुठली पावनी गं? आमच्यात असं कोण बोलतंय?" सगळे हसले. त्यांच्या लेखी ती मीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओ गाठला. दिग्दर्शक चहा पीत बसले होते.

"माझा आवाज कुठाय?"

"तुमचं बोलणं फार रांगडं, बाई," ते शांतपणे म्हणाले. "बाईमाणूस असून 'मी आलो, मी गेलतो' म्हणता. पुण्या-मुंबईच्या लोकांना खेडवळ आवडतं, पण कानाला गोड लागणारं."

"आमच्याकडं बायका तसंच बोलत्यात की! आणि मला खोटं का सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तमाशा केला असता."

तो मी तिथंच केला. सेट ठोकणारे सुतार हातोड्या खाली ठेवून बघत राहिले.

त्या दिवसापासून मी भांडखोर ठरले. पुढची चार वर्षं नायिकेची मैत्रीण, नाहीतर पाणवठ्यावरच्या बायकांतली एक, आणि अधूनमधून नाटकं. त्या पहिल्या सिनेमाच्या एका परीक्षणात नायिकेच्या 'मधुर आवाजाचं' खास कौतुक छापून आलं होतं. वडिलांनी ते कात्रण कौतुकानं जपून ठेवलेलं. मी ते त्यांच्यासमोर चुलीत घातलं. त्यांची काही चूक नव्हती, पण तेव्हा माझा राग माणसं निवडत नव्हता.

मग टीव्ही आला. माझं नाटक पाहिलेल्या एका निर्मातीनं मुंबईला बोलावून मालिकेत सासूचं काम दिलं. "तुम्ही घरी बोलता तसंच बोला," एवढंच ती म्हणाली. मी पस्तिशीची, सासू व्हायला हरकत नव्हती. कोल्हापूरला घरी आले की भाजी मंडईत बायका मला बोलण्यावरून ओळखायला लागल्या.

आणि एके दिवशी तेच दिग्दर्शक आमच्या दारात. नव्या सिनेमात मुंबईची मुलगी नायिका होती, तिला गावाकडचं बोलणं जमत नव्हतं.

"आवाज तुम्हीच द्यायचा. आता अस्सल कोल्हापुरी चालतं," ते हसत म्हणाले.

"त्या पोरीला सांगितलंय?"

"तिला कशाला सांगायचं?"

माझ्या हातातला तांब्या मी जमिनीवर आपटला. "निघा," म्हटलं. ते गेल्यावर चपला घातल्या आणि ती मुंबईची पोरगी उतरली होती त्या हॉटेलवर गेले. सगळं सांगितलं. पोरगी आधी पांढरीफटक पडली, मग रडली, मग म्हणाली, "ताई, मला शिकवाल?"

आठ दिवस मी तिला घरी बसवून घेतलं. घसा बसेपर्यंत घोकून घेतलं. ती दिग्दर्शकांसमोर अडून बसली आणि आवाज तिनं स्वतःचाच दिला. सिनेमात ती 'न्हाय' जरा जास्तच ओढते. मी मुद्दाम सुधारलं नाही; चूक असली तरी ती तिच्याच आवाजातली होती. मला त्यांनी पुन्हा कधी काम दिलं नाही, आणि मीही त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही.