सहावा रकाना

संघमित्रा, राहुल,

परवा फोनवर संघमित्रा सांगत होती, "आजी, मी वेबसाइटवरचे अर्ज बनवायला शिकतेय. लाल चांदणी लावली की तो रकाना भरल्याशिवाय माणूस पुढं जाऊच शकत नाही." मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. एक गोष्ट सांगायची राहिली, म्हणून हे आज लिहिते आहे.

मी कॉलेजला जायच्या वर्षीची गोष्ट. आई ज्यांचा गोठा झाडायची, त्या मालकांच्या ओसरीखाली मी आणि ती उभ्या होतो. माझ्या हातात परभणीच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज. पाच रकाने मी भरले होते. सहावा असा: 'ओळख देणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थाचे नाव व सही'. तो रिकामा राहिला तर वसतिगृह नाही. वसतिगृह नाही तर कॉलेज नाही. आमच्या बोरी गावाहून रोज जाणं शक्य नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. आमच्या वस्तीशी गाव बोलत नव्हतं.

"मालक, लेकराला सही तेवढी द्या," आई म्हणाली.

"आधी गोठा झाडून घे. मग बघू."

आईनं झाडला. मी बघत राहिले. काहीच वाटलं नाही. ती परत येऊन पायरीखाली उभी राहिली.

"पोरगी मॅडम झाल्यावर शेण कोण काढील गं? तू तर म्हातारी व्हायलीस!"

ओसरीवरची माणसं हसली. मालक सही न करताच आत गेले.

मी त्या पायरीवर बसले. आमच्यातलं कुणी तिथं बसत नसे. पेन काढलं. सहाव्या रकान्यात आईचं नाव लिहिलं.

"आगं, कागद वाया जाईल की."

"जाऊ दे."

पेनची शाई तिच्या अंगठ्याला चोळली. अंगठा उठवला. कागदाला शेणाचा वास लागला.

वसतिगृहाच्या कारकुनानं विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

"माझी आई."

"गृहस्थ लिहिलंय. बाई न्हाई."

जागा मिळाली नाही. परभणीत मावशीच्या पत्र्याच्या खोलीत राहून मी इंग्रजी घेऊन बीए झाले.

पुढे त्याच वसतिगृहात अधीक्षक म्हणून लागले. अर्जाच्या प्रती काढायचं नवं स्टेन्सिल तपासायला आलं. सहावी ओळ तशीच. ती छापली जाऊ नये म्हणून मी तिच्यावर खोडायचं लाल औषध फासलं. खालच्या रकान्यांचे आकडे बदलू दिले नाहीत.

"मॅडम, सहा राहिलं की," टंकलेखक म्हणाला.

"राहिलं नाही. काढलंय."

बाळांनो, चांदणी लावण्याआधी विचारा: हे भरायला कुणाला कुणाच्या दारात उभं राहावं लागेल? लागत असेल, तर तो रकाना काढा. साहेब रागावले तरी काढा.

अर्ज आता छापील झालाय. मी जाऊन पाहिला. पाचानंतर सात आहे.