जहाजातला वास

दाराचा दांडा मी आतून ओढला. रबर चिकटल्याचा मऊ आवाज आला आणि आमच्या लोधीपुरा मोहल्ल्यातल्या रिक्षा, कुकर, शेजारचा टीव्ही... सगळं एकदम थांबलं.

मोबाइलच्या उजेडात क्रेट दिसले. छतापर्यंत रचलेले, प्रत्येकात हिरव्या केळ्यांच्या फण्या. थंडी होती. वर पंख्याची एकसारखी घरघर.

हे माझ्या धाकट्या भावाचं, नितीनचं, केळी पिकवायचं चेंबर. आमच्या घरामागेच आहे. काकांच्या गोदामातून वेगळा झाल्यावरचा हा त्याचा पहिला माल. काका चारचौघांत म्हणाले होते, पहिलाच लॉट बिघडवशील आणि परत माझ्याकडेच क्रेट उचलायला येशील.

त्या दिवशी सकाळी तो देडतलाईला केळीचे मळे बघायला गेला. जाताना मला दोनदा बजावलं... संध्याकाळी पाचला दार उघड, अर्धा तास उघडंच ठेव, आतली कोंडलेली हवा निघून जाऊ दे, मग लाव. ती हवा निघाली नाही तर केळी मऊ पडतात आणि साल हिरवीच राहते.

पंधराव्या वर्षापासून मी एका कादंबरीतल्या विश्वात मनाने अधूनमधून राहायला जाते. तिथे एक जहाज दूरच्या ताऱ्याकडे निघालं आहे. हजारो माणसं थंड खोल्यांत झोपली आहेत आणि त्यांची देखभाल करायला एकच बाई जागी आहे. ती बाई म्हणजे मी. नितीन नेहमी विचारतो, तुझ्या त्या जहाजात चहा कोण करतं?

त्या पुस्तकात एक गोष्ट कुठेच लिहिलेली नाही. त्या खोल्यांत वास कसा येत असेल?

म्हणून पाचला मी आत गेले आणि दार लावून घेतलं. दार उघडं ठेवून जहाज होत नाही.

वास कच्च्या सालीचा होता. ओल्या प्लास्टिकचा. त्याखाली काहीतरी पुसट गोड... मी पालथ्या क्रेटवर बसून राहिले. थोड्या वेळाने डोकं जड झालं. बाहेर आले, दार घट्ट लावलं आणि खूश होऊन चहा टाकला.

सातला नितीनचा फोन आला. अर्धा तास ठेवलं होतं ना उघडं?

हो म्हणता आलं असतं.

"नाही ठेवलं. दार लावून आत बसले होते."

त्याच्या मागे बाजारातला गलका ऐकू येत होता. मला काका आठवले.

"ताई, डोकं तर नाही ना दुखत?"

"थोडं."

"अंदर ताजी हवा नसते ना, बाई. आता दार पूरा खोल. आन तू बाहेरच थांब."

मी दार सताड उघडलं आणि अंगणात उभी राहिले. अर्धा तास. इतक्या वर्षांत मी त्या जहाजातली प्रत्येक खोली मनात फिरले होते... पण दुरून कुणी तिथल्या बाईची चौकशी करेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन आला. प्रत्येक रांगेतली एकेक फणी काढून उजेडात धरली. मागच्या दोन रांगा अजून गडद हिरव्या होत्या, बाकीच्यांचा रंग फिका पडून पिवळ्याकडे झुकू लागला होता. मग त्याने खडू घेतला आणि दारावर आतल्या बाजूने लिहिलं, ताईने बाहेर बसावे.