रूथमावशीनं ताट पुढे सरकवलं

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नोकरीच्या गावी, पुसदला, दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. पलीकडून बायको म्हणाली, "मावशी गेल्या. झोपीतच. तुमी या." मी लाल पेन टोपण न लावताच खिशात घातला आणि दिग्रस-दारव्ह्याच्या बसमध्ये बसलो. शर्ट लाल झाल्याचं दारव्हा गेल्यावर कळलं. नेरला पोचलो तर अंगणात चर्चच्या मंडळीतल्या बायका बसलेल्या. मावशी कशी गेली, शेवटी काही बोलली का, हे कोणी विचारलं नाही. एकीनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "काय बापू, परवा पास्टर आलते ना? घेतलं का मंग तिनं?" सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. "घेतलं," मी म्हणालो. अंगणभर सुटकेचे निःश्वास पडले... आणि मला संतापच आला, कारण तिनं ते कसं घेतलं हे ऐकायची कोणाचीच तयारी नव्हती. आता दोन-तीन महिने झाले आहेत. राग उतरला आहे, पण मनातली धाकधूक काही उतरत नाही.

'घेतलं' म्हणजे प्रभुभोजन घेतलं. आमच्या छोट्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचे तुकडे एका ताटातून रांगेरांगेनं फिरतात, मागून द्राक्षरसाचे प्याले येतात. आदल्या दिवशी तयारीची सभा होते. तिथं ज्यानं त्यानं आपलं मन तपासायचं, कोणाशी वाकडं असेल तर ते मिटवायचं आणि मगच ताटाला हात लावायचा, असा आमच्याकडे कडक रिवाज आहे. रूथमावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण, शाळेतून निवृत्त झालेली बाई, आणि या मंडळीची हक्काची प्रार्थना करणारी. बाळंतपण असो, ऑपरेशन असो, नव्या मोटरसायकलवर हात ठेवायचा असो, मावशीला बोलावणं जायचंच. काय ओघ होता तिच्या प्रार्थनेला! आम्ही तिला चिडवायचो, मावशी, तुझ्या प्रार्थनेत बोंडअळीपासून मंत्र्यापर्यंत कोणी सुटत नाही, इकडे वरणभात गार होतो. ती हसायची, आणि पुढच्या वेळी आणखी दोन खाती वाढवायची.

तर गेल्या उन्हाळ्यात, एका पहिल्या रविवारी, ताट मावशीपर्यंत आलं आणि तिनं ते तसंच पुढे सरकवलं. मी मागच्या बाकावर होतो. आधी वाटलं, चुकून झालं असेल. प्यालाही तिनं तसाच पुढे दिला. चर्चमध्ये कोणी मान वळवली नाही, पण प्रत्येकानं पाहिलं होतं. आमच्या रिवाजाप्रमाणे याचा एकच अर्थ होत होता: रूथबाईचं कोणाशी तरी बिनसलं आहे. आणि मग जे सुरू झालं ते आमच्याच मंडळीत होऊ शकतं. त्या आठवड्यात एकेक जण मावशीच्या घरी माफी मागायला येऊ लागला, कारण ती आपल्यावरच रागावली आहे अशी प्रत्येकाची खात्री होती. एक बाई येऊन रडली, "बाई, मी म्हटलं होतं का तुमी मिरवाले प्रार्थना करता. माफ करा." दुसऱ्यानं कबूल केलं की मावशीची प्रार्थना लांबली की तो घड्याळ काढून बघतो. तिसरीनं तर असं काही सांगितलं की मावशीनं तिला आधी पाणी दिलं आणि मग स्वतः प्यायली. तोपर्यंत यातलं एक अक्षर तिच्या कानावर आलं नव्हतं. सगळ्यांना माफ करून झाल्यावर ती मला म्हणाली, "माह्या मागं एवढं बोलत होते, अन मी समजत होती का डोळे मिटून बसले आहेत."

"पन मावशी, भांडण नाही तं मंग घेतलं काहून नाही?" मी विचारलं.

तिनं मग सोनाबाईचं नाव काढलं. सोनाबाई म्हणजे तिची शेजारीण, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येऊन गावात घर बांधलेली. तिचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं आणि तिनं आपणहून मावशीला म्हटलं होतं, बाई, तुमच्या देवाले सांगा. "मी तिचा हात धरला अन सुरू केलं," मावशी म्हणाली. "तोंड चालू होतं. एकदम बराबर चालू होतं. अन मनात मी इचार करून राह्यली होती का दूधवाल्याले उद्या नको म्हणून सांगायचं राह्यलं. तं सोनानं डोळे उघडले. म्हणे, बाई, तो आयकून राह्यला का? मी म्हटलं, हो. अन म्हणता म्हणता मले समजलं का मले मालूमच नाही... मीच आयकत नोहती."

"असं सगळ्याईचंच होते मावशी."

"म्हणून तं भेव वाटते ना, बापू."

मी हसून विषय बदलायला बघितलं. खरं सांगायचं तर मीच घाबरलो होतो. आमच्या घरात विश्वास मावशीकडे होता, आमच्याकडे फक्त सभासदत्व. नाव, बाप्तिस्मा, नाताळचा फराळ, लग्नातली गाणी, हे सगळं आम्हाला आडनावासारखं आपोआप मिळालेलं. आत काय आहे हे बघायची वेळ कधी आली नाही, कारण मावशी होती. आता तिचंच खरं नसेल तर आमचं काय? मंडळीतही हीच धडकी भरली होती, फक्त कोणी बोलत नव्हतं. पास्टर तरुण, बिचारा भला माणूस. तो येऊन तिला म्हणाला, मावशी, तुमच्यासारख्यांनी शंका घ्यायची नाही, खात्री बाळगायची. मावशीनं त्याच्यापुढे चहा ठेवला. "डॉक्टर पट्टा न लावताच बीपी बराबर आहे म्हणते का?" तिनं विचारलं. "दर महिन्याले तयारीची सभा घेता, मन तपासा म्हणता. मंग एखाद्यीनं खरंच तपासलं तं तिले गप कायले करता?" पास्टरनं बशीतला चहा तसाच ठेवला.

मावशीचा स्वभाव असा की एकदा मनावर घेतलं की सोडायची नाही. तिनं थेट सोनाबाईलाच गाठलं. सोनाबाई ऑपरेशनमधून उठून पुन्हा दारात मिरच्या निवडायला लागली होती. मी तिथंच खुर्ची टाकून बसलो होतो. "सोना, मोकळं सांग. मी चर्चले जात नसती तं काही येगळी असती का?" सोनाबाईनं हातातली मिरची खाली ठेवली. "तुमी चांगल्याच आहा, बाई. पन चांगल्या तं तुमी तशाबी असत्या. देवाचं मले नाही समजत..." तिनं मिरची पुन्हा उचलली. "एक मातर हाय. देवाशी बोलता तवा तुमी आवाज येगळा काढता. माह्याशी बोलता तसा नाही काढत." मला वाटलं, आता मावशी भडकणार. ती उठून आपल्या घरात गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

त्यानंतर तिनं चारचौघांत प्रार्थना करणं सोडलं. बोलावलं तर जायची, पण आजाऱ्याचे पाय दाबायची, भांडी घासायची, गप बसायची. लोकांना ते आवडेना. प्रार्थनेशिवाय मावशी म्हणजे नुसतीच एक म्हातारी बाई, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसायचं. घरी एकटी असताना ती साध्या आवाजात बोलून बघायची. एकदा मी दाराशी थबकलो. जिच्या तोंडी कधी खंड पडला नाही ती बाई चाचपडत होती. "तू... मी म्हटलं... आहेस ना?" आणि मग काहीच नाही. बायबलमधल्या त्या बंद दाराची तिला फार भीती बसली होती, जिथं आपण जन्मभर ज्याचं नाव घेतलं तोच आतून ओळख नाकारतो. मी तिला कितीदा म्हटलं, एवढा जीव नको जाळू, ताट घेऊन टाक. पहिला रविवार यायचा आणि ताट तिच्या हातून पुढे जायचं. मी मात्र दर वेळी माझा तुकडा उचलायचो आणि तिच्या पाठीकडे बघत चावायचो.

हिवाळ्यात तिचं दुखणं बळावलं. मूत्रपिंडं थकली, यवतमाळच्या डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी पास्टर भाकर आणि रस घेऊन आला. सोनाबाई उंबऱ्यात तुरीच्या शेंगा सोलत होती. पास्टरनं प्रभुभोजनाआधीचा नेहमीचा प्रश्न सुरू केला, तो गंभीर आवाजातला, आम्हा सगळ्यांना पाठ असलेला. मावशीनं हात वर केला. "तसं नको. साधं इचार." तो गोंधळला. घशाशी आलेलं सगळं गिळून, आपल्या गावाकडच्या बोलीत त्यानं कसंबसं विचारलं, "मावशी... पाह्यजे का तुमाले?"

ती त्या तुकड्याकडे बघत राहिली. हो म्हण, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो, आणि मला ठाऊक होतं की ते तिच्यासाठी नव्हतं.

"तपासून पाह्यलं सगळं," ती म्हणाली. "लय खोटं निघालं. खात्री तं अजूनबी नाही. पन हे पाह्यजे वाटते ना... हे काही मी कोणाले दाखवाले म्हणत नाही." सोनाबाईकडे ती कढीपत्ता मागायची ना, अगदी त्याच आवाजात म्हणाली, "पाह्यजे." आणि हात पुढे केला. तुकडा तोंडात घोळवायला तिला वेळ लागला. मला रडू आवरेना.

पास्टरनं सवयीनं ताट माझ्यापुढे धरलं. मावशीनं डोळे उघडले. "अन तुले? पाह्यजे का?"

"हो," मी लगेच म्हणालो.

शेजारच्याचं बघून लिहिलेल्या उत्तराकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

मावशी गेल्यापासून पास्टरनं एक नवी पद्धत सुरू केली आहे. पहिल्या रविवारी ताट फिरवायच्या आधी तो सगळी पाठ वाक्यं बाजूला ठेवतो, गावाकडच्या आवाजात "पाह्यजे का?" एवढंच विचारतो आणि गप उभा राहतो. लोक चुळबुळतात, पंख्याचा आवाज येतो. परवाच्या रविवारी ताट माझ्यापर्यंत आलं. मी ते दोन्ही हातांत धरलं, आणि जन्मात पहिल्यांदा मला सांगता येईना, मला ते हवं आहे की नाही. शेजारचे गृहस्थ हात पुढे करून वाट बघत होते.