मावशीची काडेपेटी

परभणी जिल्ह्यात असं एकही लग्न लागलं नसेल, ज्यातल्या नवरीच्या शालूचा निदान एक धागा माझ्या धाकट्या मावशीने जाळून पाहिला नाही. हे मी कौतुकाने सांगतेय असं समजू नका. त्यातल्या निम्म्या लग्नांत तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी होते. लोक लग्नाला आहेर घेऊन जातात, मावशी कमरेला काडेपेटी खोचून जाते. काठातली जर खरी की खोटी, म्हणजे तिच्यात रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार आहे की नुसतं रंगवलेलं प्लास्टिक, हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली बुंदी उतरत नाही. आधी ती समोरच्या बाईच्या पदरावरून हात फिरवते, "काय रंग हाय गं बाई" म्हणते, आणि ती बाई फुलून दुकानाचं नाव सांगेपर्यंत काठातला सुटा धागा मावशीच्या चिमटीत आलेला असतो. मग काडी ओढल्याचा आवाज. "केस जळल्यावाणी वास आला तर खरी, दुधाची पिशवी जळल्यावाणी आला तर खोटी," हा तिचा कायदा. बरं, निकाल मनात ठेवावा, तर तेही नाही. जिंतूरला एका मोठ्या साहेबांच्या बायकोला तिने भर पंगतीत सांगितलं, "बाई, दुकानदारानं तुमाला दुधाची पिशवी नेसवली." त्या बाई पान टाकून उठल्या, आणि मी मात्र ताटातली लोणच्याची फोड पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी निरखत बसले.

खोट्या धातूचा तिला भारी तिटकारा. एक ग्रॅमचं सोनं घातलेल्या बाईशी ती बोलते, पण गळ्याकडे न बघता. गिलटाच्या पैंजणांचा आवाज तिला म्हणे लांबून ओळखू येतो. एकदा आम्ही तिला चारठाण्याची देवळं दाखवायला नेलं, तर दगडातल्या एका बाईपुढे ती कितीतरी वेळ उभी राहिली. "हिला बघ, वाकी, तोडे, कमरपट्टा, समदं हाय," ती म्हणाली, "आन् खोटं म्हणावं तर येक बी न्हाई." शेजारी एक नवं जोडपं फोटो काढत होतं. मावशीची नजर त्या मुलीच्या पदराकडे वळताना दिसली, तशी मी तिला दंडाला धरून रिक्षात आणून बसवलं.

तिच्या स्वतःच्या अंगावर चांदी म्हणाल तर फक्त पायातली जोडवी, जराशी वाकडी आणि झिजून पातळ झालेली. तिच्या लग्नात घरात जोडव्यांपुरतीही चांदी नव्हती. तेव्हा आजीने आपल्या लग्नातला शालू सेलूच्या सोनाराकडे नेला. त्याने काठ-पदर जाळले, राखेतली चांदी गाळली आणि जोडवी घडवून दिली. ही गोष्ट मावशी प्रत्येक लग्नात पाय पुढे करून सांगते, म्हणजे सांगायची. "माझ्या मायचा शालू मी पायात घातलाय. जरीला इमान असतंय बाई. जळली तरी मागं कायतरी ठिवून जाती."

माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला हात जोडून सांगितलं, "मावशी, आपण मुलाकडचे आहोत. काडेपेटी घरी." ती "बरं बाई" म्हणाली, आणि कार्यालयात पोचताच आचाऱ्याकडून एक मागून घेतली. नवरीची आई साधी, किडकिडीत बाई. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला ती सांगत होती, "माझ्याच लग्नातला शालू हाय लेकीच्या अंगावर, खऱ्या जरीचा." तिने ते जरा जास्तच वेळा सांगितलं. लग्न लागलं, नवरीच्या खोलीत ओटी भरायला दोन्हीकडच्या बायका जमल्या, आणि मी नारळ शोधत होते तेवढ्यात काडी ओढल्याचा आवाज आला. वास सगळ्यांनाच आला. मावशी म्हणाली, "विहीणबाई, ही तर दुधाची पिशवी निघाली की."

आमच्याकडची कुणीतरी फिसकन हसली. मला वाटलं, धरणीमाय पोटात घेईल तर बरं. विहीणबाई खाली बसल्या, लेकीच्या निऱ्या सारख्या करू लागल्या आणि तशाच खाली मान घालून हळू म्हणाल्या, "शालू खरा व्हता, विहीणबाई. त्याचीच हिला जोडवी केली. सोयऱ्यांत हलकं दिसाया नको म्हणून तसल्याच रंगाचा आणला. पोरीला बी सांगितलं नव्हतं." नवरीने निऱ्या थोड्या उचलल्या आणि आपल्याच पायांकडे बघत राहिली. जोडवी नवीकोरी होती.

मावशीच्या हातातली काडी बोटापर्यंत जळून विझली तरी तिला कळलं नाही. ती खाली बसली, आणि आयुष्यभर जे पाय तिने लोकांपुढे केले ते लुगड्याच्या आत ओढून घेतले. "माजं चुकलं, बाई," ती म्हणाली. "मला लय शरम वाटायलीय." या बाईला एकदा तरी लाज वाटू दे, असं मी किती लग्नांत मनात म्हटलं असेल. ती वाटली, तेव्हा माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. पंगतीत विहीणबाईंनी स्वतः येऊन तिला बुंदी वाढली. मावशीने मान वर न करता ती संपवली.

त्यानंतर मावशी लग्नांना येते, पण हात मांडीत ठेवून बसते. जोडव्यांची गोष्ट सांगत नाही. बायका शालू मिरवत तिच्यासमोरून बिनधास्त जातात, आणि मला ते बघवत नाही. परवा परभणीत एका लग्नात मी मुद्दाम नवी पैठणी नेसले, तिच्या शेजारी बसले आणि पदर तिच्या मांडीवर टाकला. "मावशी, बघ ना गं, दुकानदाराने मला फसवलं की काय?" काडेपेटीसुद्धा मीच नेली होती. तिने काठावरून एकदा हात फिरवला. "चांगली दिसायलीस," म्हणाली, पदर नीट माझ्या खांद्यावर टाकला आणि आपले पाय खुर्चीखाली घेतले.

काडेपेटी अजून माझ्याच पर्समध्ये आहे.