पुट्टूचा श्रावण

श्रावण संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सिद्धरामेश्वराशी अबोला धरला. साधासुधा नाही, देव्हाऱ्यात दिवा लावला तोसुद्धा तोंड फिरवून. कारण माझा पुट्टू स्वयंपाकघराच्या भिंतीला डोकं टेकवून उभा होता. तोंडातून लाळ गळत होती, पाय लटपटत होते, आणि इतक्या हाका मारूनही त्याला मी ओळखू येत नव्हते. पुट्टू म्हणजे आमचा कुत्रा. महिनाभर ज्याच्या बरं होण्याचा डंका मी अख्ख्या गल्लीत पिटला होता, तोच. ‘देवानं करून दाखवलं बघा!’ असं ज्याला त्याला सांगत सुटले होते. आता देवानंच मला तोंडघशी पाडलं, असं वाटून मी नुसती धुमसत होते.

पुट्टू आमच्याकडे आला तो दुधनीहून. माझ्या नणंदेकडच्या कुत्रीला पिल्लं झाली, धष्टपुष्ट होती ती लोकांनी नेली आणि हे मुठीएवढं मरतुकडं मागं राहिलं. आमच्या घरात कन्नड आणि मराठी दोन्ही एकाच ताटात, म्हणून नाव पडलं पुट्टू, म्हणजे चिमुकला. यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात उभा जन्म काढला. काम सुटल्यावर हा माणूस मुका झाल्यासारखा खुर्चीत बसून असायचा. माझ्याशी बोलायला शब्द सापडायचे नाहीत, पण पुट्टू आला आणि गडी दिवसभर त्याच्याशी गप्पा मारायला लागला. मला हेवाच वाटायचा, खोटं कशाला बोलू! पण घरात पुन्हा माणसाचा आवाज आला होता, तो या मुठीएवढ्या जिवामुळे. त्याला काही झालं तर हे पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

आणि पुट्टू काही वाढेना. कधी खेळता खेळता एकाच जागी गोल गोल फिरत राही, कधी शुद्ध हरपल्यासारखा कोपऱ्यात बसे. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, पौष्टिक खाऊ घाला. ते ऐकून शेजारच्या अक्का लगेच पुढं सरसावल्या. तेलुगू विणकराचं घर त्यांचं, हात सढळ. “कलेजी घाला की वो त्याला! लई ताकद येती. तुमच्या भांड्यात नगं, माज्या डब्यात देते.” आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण लेकरू वाळत चाललंय म्हटल्यावर मी सोवळं खुंटीला टांगलं. रोज अक्कांचा डबा परसदारी यायचा, मी पदर नाकाला लावून त्याच्या ताटलीत ओतायची, आणि पुट्टू चाटूनपुसून साफ करायचा. एवढं खाऊनही पोर वाळतंय कसं, हे कोडं मात्र सुटत नव्हतं.

मग श्रावण लागला. आमच्याकडे श्रावण म्हणजे रोज पहाटे तळ्यातल्या सिद्धरामेश्वराचं दर्शन आणि घरात कडक पथ्य. मी अक्कांना सांगून टाकलं, महिनाभर डबा बंद. हे चिडले. “मुक्या जनावराला कसला गं श्रावण? मरंल की ते!” मीही इरेला पेटले. म्हटलं, “या घरात ऱ्हायचं तर सगळ्यांचाच श्रावण. त्याचाबी आन् तुमचाबी.” पुट्टूच्या ताटलीत दहीभात आणि ताकातल्या ज्वारीच्या कण्या पडायला लागल्या. मनातून मी घाबरलेच होते. रोज देवळात जाऊन म्हणायची, देवा, माझ्या पुट्टूला काय झालंय रे? मी तुझा नेम मोडला नाही, आता तू माझं पिल्लू मोडू नकोस.

आणि काय सांगू! पुट्टू फुलला. डोळे चमकायला लागले, गोल फिरणं थांबलं, यांचा टॉवेल तोंडात धरून घरभर धिंगाणा! दारात फुलवाली आली तर तिच्यावर भुंकायचासुद्धा, आणि ते भुंकणं ऐकून आम्हाला कोण आनंद! मी देवळातून येताना ओळखीचं माणूस दिसलं की थांबवून सांगायची. महिना सरला तेव्हा मला वाटलं, देवानं एवढं दिलं, आता लेकराचं तोंड गोड केलं पाहिजे. तोंड गोड म्हणजे काय, तर मी स्वतः होऊन अक्कांच्या दारात गेले आणि म्हणाले, “आज डबा दुप्पट द्या, त्याचा उपास सुटतोय.”

त्यानंतर काही वेळातच पुट्टू भिंतीला डोकं लावून उभा राहिला.

यांनी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही रिक्षानं दवाखाना गाठला. नेहमीचे डॉक्टर गावी गेलेले. त्यांच्या खुर्चीत माळशिरसकडची एक तरुण डॉक्टरीण बसली होती, तेवढ्या एका दिवसापुरती. तिनं सलाइन लावलं, पिल्लाच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला विचारायला लागली. मी कसली उत्तरं देते! माझं सगळं गाऱ्हाणं देवाविरुद्ध. म्हटलं, “बाई, श्रावणभर ठणठणीत होता हो. श्रावण संपला आणि देवानं दिलेलं काढून घेतलं. असा कसा हा देव?”

ती लिहिता लिहिता थांबली. “थांबा, थांबा काकू! श्रावणात हा काय खात होता?”

“दहीभात.”

“आणि आधी?”

“कलेजी. आजबी तीच. डबाभर.”

ती खुर्चीतून उठलीच. “अहो काकू, तुम्ही तर निम्मं निदान करून आणलंय! असाच एक कुत्रा मी कॉलेजात पाहिलाय.” तिचे डोळे असे लकाकले की मी रडायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले. मग तिनं कागदावर रेघा ओढून समजावलं. आतड्यातलं रक्त आधी लिव्हरमध्ये जातं, तिथं त्यातलं विष गाळलं जातं आणि मग ते अंगभर फिरतं. पुट्टूला जन्मतःच एक चुकार नस असावी. तिच्यातून रक्त लिव्हरला वळसा घालून तसंच पुढं जातं. हे लगेच म्हणाले, “म्हंजे पाट फुटलाय, पानी रानात न जाता थेट वड्याला!” ती हसून म्हणाली, अगदी बरोबर. म्हणून मांस जितकं जास्त, तितकं ते विष जास्त, आणि ते चढतं डोक्यात. लिव्हरला पोसणारं रक्तच मिळत नाही म्हणून ते लहान राहतं, आणि कुत्रंही. लेकराला ताकद यावी म्हणून मी रोज जे भरवत होते, तेच त्याला विषासारखं बाधत होतं, आणि ज्या नेमाला हे नावं ठेवत होते त्या नेमानंच त्याला महिनाभर जगवलं होतं.

पुढं खाण्याआधीचं आणि खाल्ल्यानंतरचं रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, आणि तिचा अंदाज खरा ठरला. दहीभात पुन्हा सुरू झाला, जोडीला एक गोड पातळ औषध, ज्यानं पोट साफ राहून विष बाहेर पडतं, आणि काही गोळ्या. अंगात जरा जीव आल्यावर पुण्याला ऑपरेशन ठरलं. त्या नसेभोवती एक बारीकशी कडी बसवतात. ती ओल धरून हळूहळू फुगते आणि नस आपोआप मिटत जाते. मी विचारलं, एकदम बांधूनच का टाकत नाहीत? तर तिथले डॉक्टर म्हणाले, जन्मापासून उपाशी राहिलेल्या लिव्हरवर सगळं रक्त एकदम लोटलं तर ते सोसणार नाही. सवकाश सवकाशच द्यावं लागतं.

पुट्टूला ऑपरेशनसाठी आत नेलं आणि दार लागलं. मी सवयीनं हात जोडले आणि नवस बोलायला तोंड उघडलं. देवाशी घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण त्या दिवशी शब्दच फुटेनात. ज्यानं मला न कळता, माझ्याच हट्टाच्या आडून महिनाभर माझं लेकरू सांभाळलं, त्याला मी काय अटी घालणार? एवढंच म्हणाले, “तुजं तू बघ बाबा. मला कळत न्हाय.” आणि गंमत बघा, जोडलेले हात सोडून मी निवांत बाकावर टेकले. शेजारी हे बसले होते, त्यांनी कितीतरी वर्षांनी माझा हात हातात घेतला. “ऱ्हाईल गं तो,” म्हणाले. एवढे तीनच शब्द, पण मला ते पुरले.

पुट्टू राहिला! काही महिन्यांनी तपासणीला नेला तेव्हा नस पूर्ण मिटली होती आणि लिव्हर वाढीला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू बाकीचं खाणं द्या. अक्कांनी ऐकलं मात्र, डबा घेऊन हजर! एवढासा तुकडा त्यांनी ताटलीत टाकला, पुट्टूनं तो गट्टम केला, आणि आम्ही तिघं श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिलो. तो उठला. भिंतीकडे गेला. त्यानं भिंतीजवळच्या दोरीवरचा यांचा टॉवेल खसकन ओढला आणि सुसाट पळाला. मागून हे, ‘अरे माजा टावेल!’ करत, आणि अक्का आणि मी हसता हसता डोळे पुसतोय!

आता देवळात गेले की मी देवापुढे फारसं बोलत नाही. रुसणंही कमी झालंय. त्या महिन्यात मी रोज पहाटे त्याच्या दारात उभी राहून विचारायची, देवा, माझ्या पुट्टूला काय झालंय रे? आणि उत्तर न देता तो गप्प बसला नव्हता. घरी येऊन रोज माझ्याच हातानं मी ते उत्तर पुट्टूच्या ताटलीत वाढत होते.