छापील उपासनेतली मायची ओळ

केनवडच्या बाजूला आमचं गाव. ख्रिस्ती घरं थोडी, पत्र्याचं चर्च एक. तिथे पूर्वी ज्याला जशी सुचेल तशी प्रार्थना व्हायची, आणि माझ्या मायला सगळ्यांत जास्त सुचायचं. आमची म्हैस, शेजारणीचे गुडघे, सोयाबीनवरचा पिवळा रोग, सगळं ती देवाच्या कानावर घालायची. कॉलेजात माझा इंग्रजीचा पेपर राहिला, हे गावाला तिच्या प्रार्थनेतूनच कळलं. पुढे मी घरातली पहिली पदवीधर झाले, तेव्हा अख्खं चर्च आपणच मला पास केल्यासारखं माझ्याकडे बघायचं. ते काही खोटं नव्हतं. कंटाळलेले लोक मध्येच दोनदा आमेन म्हणायचे. मायला वाटायचं, जोर देऊन राह्यले.

मग नवे पाळक, म्हणजे पास्टर, आले. त्यांचं धर्मशिक्षण शहरातलं. उपासनेला ठरलेला क्रम हवा, असं त्यांचं म्हणणं. कधी उभं राहायचं, पाळकांनी काय म्हणायचं, लोकांनी काय उत्तर द्यायचं, सगळं कागदावर. तो कागद टाइप करून आणायचं काम पदवीधर म्हणून माझ्याकडे आलं. मला त्याचा अभिमानच वाटला. झेरॉक्सच्या दुकानातल्या चाचांनी कागद चाळला आणि म्हणाले, "पेपर दिसते बेटा. पण जवाब कायले छापले?"

पहिल्या रविवारी निम्मे लोक बसायच्या वेळी उभे राहिले. मायने कागदाची घडी करून उपासना संपेपर्यंत वारा घेतला. घरी येताना म्हणाली, "मले वाचता येत नाई. मंग आता मी चर्चमंदी नुसती बसाले जाऊ का?"

दुसऱ्या दिवशी मी पाळकांकडे गेले. ते विचारी माणूस. म्हणाले, छापील विनंत्या संपल्या की एक ओळ रिकामी ठेवू. तिथे कोणीही एकाने एक छोटी विनंती करायची आणि सगळ्यांनी मिळून "प्रभू, आमची प्रार्थना ऐक" म्हणायचं. एवढं उत्तर मायने तूरडाळ निवडता निवडता पाठ केलं.

पहिल्या खेपेला तिने पाऊस मागितला. सगळ्यांनी उत्तर दिलं. ते ऐकताना तिचे डोळे बारीक झाले. आपण काहीही मागितलं तरी आता सगळ्यांना हो म्हणावं लागतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

पुढच्या रविवारी ती उठली. "देवा, माह्या सुनेच्या हातून भाजीत तिखट कमी पडू दे."

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक," चर्च म्हणालं. माझ्या शेजारी बसलेली वहिनीही म्हणाली. कागदावर तसंच होतं.

त्यानंतरच्या रविवारी माय उठायच्या आत वहिनी उभी. "ज्या सासूले तिखट लागते, देवा, तिले सोताची भाजी सोता कराची ताकद दे."

त्या दिवशी बायकांच्या बाजूने जे उत्तर आलं, तसं छापील उपासना सुरू झाल्यापासून कधी आलं नव्हतं.

पाळकांनी मला बाजूला बोलावलं. "ही उपासना आहे की पंचायत? पुढचा रविवार शेवटचा. मग ती ओळ बंद."

मी घरी येऊन सांगितलं. माय फक्त म्हणाली, "एक रविवार हाय ना?"

त्या रविवारी ती सावकाश उठली, पदर डोक्यावर घेतला. "देवा, आमचे पास्टरसाहेब लई मेहनत घेतात. प्रवचनात बोलून बोलून त्यायचा घसा बसते. त्यायच्या घशाले आजपासून आराम पडू दे."

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक." पुरुष, बाया, मागे उभी राहणारी तरणी पोरं, सगळे एका सुरात. पाळकांना म्हणणं भागच होतं. उपासना तेच चालवत होते. तेही म्हणाले, जरा मागाहून. मग त्यांनी हातातल्या प्रवचनाच्या टिपणांची शेवटची पानं काढून बायबलात ठेवली, आणि आम्ही उन्हं चढायच्या आत बाहेर पडलो.

दारात हात मिळवताना ते मायला म्हणाले, "पुढच्या रविवारपासून काय मागणार, ते आधी मला सांगत जा."

"तुमाले कायले?" माय म्हणाली. "देवाले सांगतो ना मी. तुमी फक्त माह्या मांगून म्हना."