कोर्टातली भाकरी

चंद्रपूरच्या कोर्टातल्या साक्षीदारांसाठीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि माझा जळफळाट झाला. पंखा, गादीची खुर्ची, प्यायचं पाणी, आतून कडी लागणारं दार. शेजारची पोर साक्ष द्यायला आली होती. आपल्या मर्जीचं माणूस सोबत आणता येतं म्हणून तिनं मला मागितलं. गावात असली जबरदस्ती भोगून कोर्टाची पायरी चढलेली म्हातारी मी एकटीच.

माझ्या वेळी बाहेरचं बाकडं होतं. पोंभुर्ण्याहून सकाळची एकच एसटी, तिच्यात माझ्यावर हात टाकणारा तोही. बाकड्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो, मधे त्याची आई. आणि मी तरी काय ध्यान! कोर्टात जायचं म्हणून ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली, दिसेल त्या काळ्या कोटाला हात जोडणारी. त्यातला एक त्याचाच वकील निघाला. दुपारी भाकरीचं फडकं सोडलं. शेजारी माणूस बसलेलं असताना आमच्याकडे एकट्यानं घास घेत नाहीत. मी अर्धी भाकरी त्याच्या आईच्या हातावर ठेवली. मोठी शहाणी!

वकिलानं ते पाहिलं. भरल्या कोर्टात मला उभं करून विचारलं, "ज्याच्या आईला भाकरी देतेस, त्यानं जबरदस्ती केली म्हणतेस?" लोक हसले. मी मान खाली घातली. तो सुटला. परतताना पुन्हा तीच एसटी.

आता पोरीनं डबा उघडला आणि खिडकीतून बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या, तिच्या खटल्यातल्या आरोपीच्या आईकडे पाहिलं.

"त्याची माय बसली आहे तिथी. सकाळपासून उपाशी असन. देऊ का तिले?"

"खबरदार!" मी डबाच ओढून मांडीवर घेतला आणि पोटच्या पोरांनाही न सांगितलेलं सगळं तिला सांगितलं.

"मंग तू काऊन नाई बोलली?"

"तोंडात घास होता ना!"

ती हसली. "मले जमन का, आजी?"

"मले काय पुसतं? मी तर हरून आलेली."

आम्हाला आत बोलावलं. कोर्टाचं दार बंद. मधे पडदा, त्यामुळे तो दिसत नव्हता. जजबाई म्हणाल्या, "बसून सांग, घाई नाही." बसून! माझे पाय आठवणीनंच दुखायला लागले. त्याचा वकील तिच्या चालचलनावर घसरताच बाईंनी त्याला अडवलं. माझ्या वेळी कुठे होतात हो बाई?

मग त्यानं विचारलं, "दोन्ही घरांचं एकमेकांकडे जेवणखाण आहे ना?"

पोरीनं पाण्याचा घोट घेतला. "आहे. त्याची माय आत्ता बाहेर उपाशी आहे, तिलेही देईन. म्हणून त्यानं केलं ते मिटत नाई."

कोणी हसलं नाही. ते वाक्य टाइप झालं.

इतकी वर्षं चुलीपुढे बसून मी तेच वाक्य शोधत होते, आणि ह्या कालच्या पोरीला ते एका घोटात सापडलं. निकाल लागायचा आहे, पण मी तेव्हाच रुसले.

"आजी, तोंड काऊन फुगवलं?"

"डबा दे इकडे."

खोलीत परतून, दाराला कडी लावून दोघी पोटभर जेवलो. मग उरलेली भाकरी घेऊन मीच उठले आणि बाहेर त्या बाकड्यावरच्या बाईच्या हातावर ठेवली. समोर तिच्या पोराचा वकील उभा होता. या वेळी मी त्याला हात जोडले नाहीत.